शिगमो, माटोळी आणि १५ हजारांचा कॅमेरा

प्रश्न : मी डिचोलीला राहते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोटोग्राफी शिकायची म्हणून १५ हजार रुपये साठवलेत. शिगम्यातला (गोव्यातल्या होळीच्या सणातला) रोमटामेळ म्हणजे ढोल-ताशांची नाचती मिरवणूक, घरची चवथीची माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची आरास, आणि परसात येणारे पक्षी, एवढं नीट काढता यावं अशी इच्छा आहे. तीन कॅमेरे डोळ्यांसमोर आहेत. एक ऑनलाइन मिळणारा नवा, ६४ मेगापिक्सेल, १८ पट झूम, ६ हजारांत. दुसरा नावाजलेल्या ब्रँडचा नवा साधा कॉम्पॅक्ट, १६ मेगापिक्सेल, ५ पट झूम. तिसरा म्हापशातल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा वापरलेला सोनी आरएक्स१००, ते १५ हजार मागतात. बाबा म्हणतात, फोन आहे की हातात, जुनं डबडं कशाला? कोणता घेऊ?

उत्तर : तिसरा बघायला जा. पहिले दोन यादीतून आत्ताच खोडून टाकले तरी चालतील. मात्र बघायला जा म्हणजे घेऊन या असं नव्हे. वापरलेला कॉम्पॅक्ट हा तपासूनच घ्यायचा माल आहे. तपासणीला अर्धा तास लागतो आणि ती कशी करायची ते पुढे सविस्तर सांगतो.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून तो आधी घेऊ. फोनला न जमणारं काही करत असेल तरच वेगळ्या कॅमेऱ्याला अर्थ आहे. अशा गोष्टी तीनच : भिंगं हलवून मिळणारा खरा झूम, फोनपेक्षा मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती), आणि शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे तिन्ही आपल्या हाताने ठरवायची मुभा. शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडायचं, आयएसओ म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील. फोनच्या प्रो मोडवर शटर आणि आयएसओ बदलतात, अ‍ॅपर्चर बहुधा नाही. तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यात यातली एकही नाही. दुसऱ्यात पहिली तेवढी आहे.

त्या ६४ मेगापिक्सेलवाल्याचं चित्र मोठं करून बघा. भिंगाभोवतीच्या कड्यावर काय छापलंय? खऱ्या झूमच्या कॅमेऱ्यावर दोन आकड्यांची जोडी असते. आरएक्स१०० वर १०.४-३७.१ असं असतं. मोठ्या आकड्याला लहानाने भागलं की ३.६ येतात, म्हणजे झूम ३.६ पट. जिथे एकच आकडा आहे किंवा नुसतंच '६४एमपी' लिहिलंय, आणि कॅमेरा चालू केल्यावर भिंगाची नळीही बाहेर येत नाही, तिथे झूम नाहीच. असतो तो फोटोचा मधला तुकडा कापून फुगवणं. १८ पट कापायचं म्हणजे रुंदीचा अठरावा आणि उंचीचा अठरावा भाग, म्हणजेच चित्राचा ३२४ वा हिस्सा. ते ६४ मेगापिक्सेल खरे धरले तरी हातात ०.२ मेगापिक्सेल उरतात. आणि ते खरे नसतात. आत लहानसा सेन्सर असतो, त्याचं चित्र सॉफ्टवेअरने ताणून आकडा वाढवलेला असतो. १२ बाय १८ इंचांच्या चांगल्या छपाईला २० मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा मेगापिक्सेलचा आकडा जितका मोठा आणि किंमत जितकी कमी, तितका संशय जास्त.

दुसरा कॅमेरा खोटा नाही, फक्त तुमच्या कामाचा नाही. या वर्गात बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, नखाएवढा, ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. भिंग सुरुवातीलाच एफ/३.५ च्या आसपास (एफचा आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडतं), आणि सगळं काही ऑटो. भर दुपारी दिवाडीच्या फेरीबोटीवर तो छान फोटो देईल. संध्याकाळी साडेसातला दुकानांच्या पाट्यांच्या उजेडात मात्र तुमचा फोनच त्याच्यावर मात करेल, कारण फोन एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकावर एक बसवतो आणि कमी उजेडात फोटोवर उठणारे रवाळ कण झाकतो. फोटोग्राफी शिकायला निघालेल्या माणसाला ज्यात शटर स्पीड बदलता येत नाही तो कॅमेरा देणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला काठावर बसवून ठेवणं.

आता तिसरा. आरएक्स१०० हा २०१२ चा कॅमेरा. त्याचा सेन्सर 'एक इंची' म्हणवतो, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ दुसऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या सुमारे ४ पट. त्याचं भिंग रुंद कोनात (म्हणजे झूम न करता) एफ/१.८ पर्यंत उघडतं, म्हणजे एफ/३.५ च्या मानाने पावणेचार पट उजेड. दोन्हींचा गुणाकार केला की त्याच शटर स्पीडला सेन्सरवर एकूण सुमारे १५ पट प्रकाश पडतो. रोमटामेळात ढोल-ताशे वाजत असतात, माणसं उड्या घेत असतात. त्यांना गोठवायला सेकंदाचा १/१२५ वा भाग तरी हवा, उडी पकडायची तर १/२५०. फोनची अनेक फोटो जोडायची युक्ती इथे फसते, कारण पहिल्या आणि शेवटच्या फोटोत नाचणाऱ्याचा हात एका जागी नसतो. मग धुरकट हात आणि दोन-दोन ध्वज दिसतात. हा झाला बाबांना द्यायचा जवाब. माटोळीसारख्या स्थिर गोष्टीत चांगला फोन फारसा मागे पडत नाही, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

एक मर्यादा मात्र घ्यायच्या आधीच ठाऊक हवी. झूम पूर्ण केला की आरएक्स१०० चं भिंग एफ/१.८ वरून एफ/४.९ वर येतं आणि उजेड सातपटीहून जास्त घटतो. रात्री झूम करायचा नाही, पायांनी पुढे जायचं.

पक्ष्यांचं काय? पक्षी विसरा. निदान या कॅमेऱ्याने तरी. त्याचा झूम १०० मिलिमीटरला संपतो (३५ मिमी फिल्मच्या हिशेबात; भिंगावर छापलेला ३७.१ म्हणजे तोच). १० मीटरवर बसलेला खंड्या सुमारे २८ सेंटिमीटरचा असतो, आणि तेवढ्या अंतरावर फोटोच्या चौकटीत साडेतीन मीटरहून जास्त रुंदी मावते. खंड्या चौकटीच्या तेराव्या हिश्शाएवढा येईल, पंखांचा निळा ठिपका म्हणून. ५ पट झूमवालाही इथे काही कामाचा नाही, त्यात तो नवव्या हिश्शाएवढा दिसेल. पक्षीच पहिली आवड असती तर सल्ला उलटा दिला असता : ४० पट झूमचा, ९६० मिलिमीटरपर्यंत जाणारा कॅनन एसएक्स७४० एचएस सारखा कॅमेरा वापरलेला शोधा, सेन्सर लहान असला तरी चालेल, सकाळच्या उन्हात चोडणच्या सालिम अली अभयारण्यात तो हात देईल. पण तोच कॅमेरा रात्रीच्या शिगम्यात आंधळा. १५ हजारांत दोन्ही जमत नाही. तुमच्या तीन इच्छांपैकी दोन कमी उजेडाच्या आहेत, म्हणून कौल आरएक्स१०० ला.

तपासणी. म्हापशाला शुक्रवार टाळा. बाजाराच्या दिवशी उभं राहायला जागा नसते आणि घाईत माणूस काहीही विकत घेतो. दिवसाउजेडी, मोकळी भिंत असेल अशा ठिकाणी भेटा. त्यांना बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. आपलं ३२ जीबी कार्ड, वर्तमानपत्र, चिकटपट्टी, एक काळं फडकं आणि जमल्यास लॅपटॉप घेऊन जा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळेच फोटो सुंदर दिसतात.

सगळ्यात आधी बुडाची पाटी वाचा. नुसतं डीएससी-आरएक्स१०० असेल तर पहिला. पुढे एम२ असेल तर २०१३ चा, त्याचा पडदा वर-खाली वळतो. एम३ असेल तर २०१४ चा, त्याचं भिंग २४ ते ७० मिलिमीटरचं. 'आरएक्स१००' एवढ्या एकाच नावाने हे सगळे विकले जातात. अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळतो का बघा. बिल नसेल तर किमान विकणाऱ्याकडून सहीनिशी दोन ओळी लिहून घ्या.

मग कॅमेरा कानाजवळ धरून दहा वेळा चालू-बंद करा. नळी एका दमात, एकसारख्या आवाजात बाहेर यायला हवी. कर्रकर्र म्हणजे आत रेती. गोव्यातल्या वापरलेल्या कॉम्पॅक्टचा सगळ्यात नेहमीचा आजार हाच : कॅमेरा किनाऱ्यावर खिशात ठेवला, वाळूचे दोन कण नळीच्या फटीत गेले, दातेरी चाकं घासली. आज कर्रकर्र करणारी नळी उद्या अर्ध्यात अडकते. दुरुस्तीला नळीसकट भिंगाचा अख्खा संच बदलावा लागतो, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडतो. बंद केल्यावर भिंगावरच्या पाकळ्या पूर्ण मिटतात का, तेही पाहा. अर्धवट मिटत असतील तर रेती किंवा मीठ तिथेही पोचलंय.

नळी बाहेर असताना झूम पूर्ण करा आणि फोनच्या टॉर्चचा झोत भिंगात तिरका सोडा. सुटे बारीक ठिपके म्हणजे धूळ. चार-पाच ठिपक्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे पसरलेले धागे दिसले तर ती बुरशी, आणि तिथेच नमस्कार करून परत या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटात पडून राहिलेल्या भिंगावर बुरशी धरणं अगदी सोपं. 'फारसा वापरलाच नाही, कपाटातच होता' हे वाक्य इतर ठिकाणी दिलासा देतं, गोव्यात ते ऐकलं की टॉर्च दोनदा मारायचा.

पुढची परीक्षा वर्तमानपत्राची, आणि हिला जास्तीत जास्त वेळ द्या. पूर्ण उघडलेलं पान भिंतीवर आडवं चिकटवा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, स्टुलावर टेकवून, दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा. वरची मोडची तबकडी 'ए' वर (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ १२५. रुंद कोनात साधारण ५५ सेंटिमीटरवरून पान चौकटीत भरतं, पूर्ण झूमला २ मीटरवरून. दोन्हीकडून तीन-तीन फोटो काढा आणि लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असतील तर काही बिघडलं नाही, या वर्गातली भिंगं तशीच असतात. पण तीन कोपरे वाचता येतात आणि चौथा फासलेला आहे, किंवा एक अख्खी बाजू धूसर आहे, तर कॅमेरा कधीतरी पडलाय आणि भिंग तिरकं झालंय. बाहेरून ओरखडासुद्धा नसेल. रुंद कोनात ठीक आणि झूमला बिघडलेलं असंही होतं, म्हणून दोन्ही टोकं तपासायची. आधी समांतर नीट धरलंय ना याची खात्री करा, नाहीतर निष्कारण कॅमेऱ्यावर आळ.

सेन्सरवरची धूळ बघायला अ‍ॅपर्चर एफ/११ करा, पूर्ण झूम करा आणि सूर्य नसलेल्या बाजूचं कोरं आकाश टिपा. फोटोत एकाच जागी पुन्हा पुन्हा राखाडी डाग दिसला तर धूळ सेन्सरवर. आत-बाहेर होणारी नळी भात्यासारखी हवा ओढते, तिच्यासोबत धूळ येते. भिंग सुटं होत नसल्याने ती घरी पुसता येत नाही. कडेला एखादा फिकट डाग असेल तर तो सौद्यात वापरायचा मुद्दा. मधोमध ठळक डाग असतील तर नको. त्यानंतर भिंग काळ्या फडक्यात गुंडाळून १ सेकंद, आयएसओ ८०० वर एक फोटो. दोन-चार चमकते ठिपके वयानुसार येतातच, आकाशगंगा दिसली तर मात्र विचार करा.

बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगर फिरली तर ती फुगलीय, टाकून द्यायच्या लायकीची. नवी बॅटरी एका चार्जवर ३३० च्या आसपास फोटो देते. तुमच्या तपासणीत ६०-७० फोटो होतील. तेवढ्यात टक्केवारी अर्ध्यावर आली तर ती थकलीय. ही दोन्ही कारणं कॅमेरा नाकारायची नव्हेत, किंमत उतरवायची. राहिलेल्या गोष्टी भराभर : तबकडीचे सगळे टप्पे, झूमचा खटका दोन्ही दिशांनी, उघडणारा फ्लॅश, चार्जिंगची खाच, कार्डाचं झाकण, बुडातल्या स्क्रूच्या छिद्राभोवती चेप.

पैशांचं गणित. तुमच्याकडे १५ आहेत आणि ते १५ मागतात, म्हणजे सौदा अजून व्हायचाय. एक जादा बॅटरी, एक कार्ड आणि कॅमेरा कोरडा ठेवायचा डबा यांना दीड-दोन हजार बाजूला काढल्याशिवाय कॅमेरा घेऊ नका. १३ हजारांच्या वर जात असेल तर सौदा मोडला तरी चालेल. बॅटरी एनपी-बीएक्स१ नावाची; पुढच्या कित्येक मॉडेलांत तीच असल्याने मिळायला अडचण नाही. कार्ड ३२ जीबी, क्लास १०, पुरेसं. या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल (नंतर संगणकावर सुधारता येणारी कच्ची फाइल) साधारण २० एमबी धरली तर दीड हजारांच्या आसपास फोटो मावतात. मोठ्या नावाचं कार्ड फारच स्वस्त मिळालं तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी संगणकावरून ते काठोकाठ भरा आणि फाइली उघडून बघा. नकली कार्ड ६४ जीबी म्हणून ८ जीबीच साठवतं, आणि ते कळतं नेमकं मिरवणुकीच्या मध्यात.

हा कॅमेरा परीक्षेत नापास झाला तर खचू नका, याच कुळातले आणखी आहेत. कॅनन एस९० (२००९) पासून एस१२० (२०१३) पर्यंतची मालिका, किंवा पॅनासोनिक एलएक्स७ (२०१२). सेन्सर १/१.७ इंची, एक इंचीपेक्षा लहान, पण रुंद कोनात एस९० चं भिंग एफ/२.० आणि एलएक्स७ चं एफ/१.४, आणि सगळं हाताने ठरवता येतं, रॉ फाइलही मिळते. शिकायला उत्तम. फक्त 'सीसीडी लूक' (सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरची रंगछटा) म्हणून इन्स्टाग्रामवर गाजणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मागे लागू नका. त्यातले बहुतेक त्यांच्या काळातले साधे ऑटो कॅमेरेच होते, लाट आली म्हणून त्यांची किंमत वाढली, गुण वाढले नाहीत. यातलं काहीच जमलं नाही तर पैसे तसेच ठेवा आणि फोनच्या प्रो मोडवर शटर स्पीड फिरवायला शिका, चार-सहा महिन्यांनी पुन्हा शोधा.

कॅमेरा घरात आला की पहिलं काम म्हणजे चामड्याचं कव्हर काढून ठेवणं. चामडं ओल धरतं आणि बुरशीला घर देतं. रबरी कडीचं घट्ट झाकण असलेला ५ लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सुती पुरचुंडीत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि जमल्यास छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा. रंग बदलणारे मणी घेतले तर कधी भाजायचे ते आपोआप कळतं. जाड कढईत अगदी मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. तांदळात कॅमेरा ठेवायचा उपाय करू नका, तांदळाचं पीठ नळीत जातं. एसी गाडीतून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा आणि अर्ध्या तासाने काढा, नाहीतर थंड भिंगावर दव धरतं. मिरामारच्या किनाऱ्यावर वारा असेल तर कॅमेरा चालू-बंद करत राहू नका, आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, मग कोरड्याने. शिगम्यात गुलाल उडत असताना पारदर्शक पिशवीला भिंगापुरतं भोक पाडून रबरबँडने बांधा. नळी आत घेण्याआधी तिच्यावरची पूड मऊ ब्रशने, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, झटका. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. माशेलच्या चिखलकाल्याला मात्र पिशवीचाही भरवसा नाही, तिथे लांबूनच काढा.

शिगम्याच्या रात्री सुरुवात अशी करा : तबकडी 'एस' वर (शटर आपण ठरवायचं, अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवतो), शटर १/१२५, आयएसओ १६००, झूम अजिबात नाही. फोटो काळपट आले तर आयएसओ ३२०० करा, शटर कमी करू नका. कण दिसतील, ते चालतात. हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

माटोळीला उलट. ती हलत नाही, म्हणून कॅमेरा पाटावर किंवा स्टुलावर टेकवा, 'ए' वर एफ/४, आयएसओ १२५ आणि टायमर. शटर अर्धा सेकंद झाला तरी हरकत नाही, पंखा तेवढा बंद करा, नाहीतर टांगलेली कवंडळं (रानफळं) डुलतात. जवळून काढायचं तर झूम न करता : रुंद कोनात हा कॅमेरा ५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, पूर्ण झूमला ५५ सेंटिमीटरच्या आत नाही. आंबाड्याचा घोस अस्पष्ट येतो तो बहुधा याच कारणाने. फ्लॅश समोरून मारला तर नारळांवर पांढरे डाग उठतात आणि मागे भिंतीवर सावल्या. पहिल्या आरएक्स१०० चा उघडलेला फ्लॅश बोटाने मागे दाबून छताकडे वळवता येतो आणि वरून मऊ उजेड पडतो. पण त्याला चुन्याने रंगवलेला सपाट स्लॅब हवा. घर कौलारू असेल तर उजेड वर जातो आणि कौलं-वासे गिळून टाकतात. तिथे फ्लॅश मिटवा आणि सकाळी दार-खिडक्या उघडून, समई लावायच्या आधी फोटो काढून घ्या.